सायनाइड, मांजरपाट आणि आज्जीची चंची

फेब्रुवारी २०२५ मधल्या एका शनिवारी सकाळी रेक्टर सर राउंडला आले आणि माझ्या कॉटखालून दोन तपकिरी बाटल्या निघाल्या. आता होस्टेलमध्ये कॉटखालून बाटल्या निघणं ही काही बातमी नव्हे. पण यातल्या एका बाटलीवर 'पोटॅशियम फेरीसायनाइड' असं लेबल होतं. सरांनी 'फेरी' वाचलंच नाही. थेट 'सायनाइड' वाचलं. पाच मिनिटांत वॉचमन काका, मेसचे काका आणि शेजारच्या तिन्ही खोल्या माझ्या दारात जमा! सरांनी मला खुर्चीवर बसवलं, पाण्याचा ग्लास दिला आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "बाळा, काही टेन्शन आहे का? केटी लागली का? घरी फोन लावू?"

"नाही सर. मला कापडावर शेवग्याची पानं छापायची आहेत."

हे उत्तर ऐकून त्यांना माझी जास्तच काळजी वाटायला लागली. बाटल्या जप्त झाल्या, सोबत माझी इस्त्रीही गेली (ती बाटल्यांच्या मागेच होती), आणि तेव्हापासून अख्खं होस्टेल मला 'सायनाइड' म्हणून ओळखतं. ज्युनियर पोरं जिन्यात बाजूला सरकतात. त्याबद्दल तक्रार नाही, मेसच्या लाइनमध्ये फायदाच होतो. पण एकदा सगळं नीट सांगावं, आणि सांगता सांगता सरांकडे एक मागणीही करावी, म्हणून हा लेख.

सुरुवात घरापासून. आमचं गाव सातारा जिल्ह्यात. तिकडे गोधडीला वाकळ म्हणतात. माझी आज्जी गावातली नावाजलेली वाकळ शिवणारी. जुनी लुगडी, धोतरं, आमच्या शाळेच्या चड्ड्या, सगळं त्या वाकळेत जातं. २०२२ च्या दिवाळीनंतर आबा गेले. त्यांची दोन धोतरं आणि एक पटका आज्जीनं बाजूला काढून ठेवला होता. मी तेव्हा फर्स्ट इयरला. इंजिनिअरिंगला प्रवेश घेतल्यावर पहिल्या वर्षी माणसाला असं वाटतं, की जगातली प्रत्येक गोष्ट आपण सुधारू शकतो. (दुसऱ्या वर्षी एम-थ्री येतो आणि हे वाटणं जातं.) माझ्या डोक्यात आलं, वाकळेच्या मधोमध आबांचा फोटो छापलेलं कापड लावू. आबांचा एकच चांगला फोटो आहे, बेंदराच्या दिवशी बैलाशेजारी उभे राहून काढलेला. तो मोबाइलवर घेतला, साफसूफ केला आणि मे २०२३ च्या सुट्टीत कामाला लागलो.

चुलत भावाचं तालुक्याला झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं शाईच्या टाक्यांचा कलर प्रिंटर. कापड प्रिंटरमध्ये घालायचं तर ते कागदासारखं ताठ हवं. अमेरिकेत यासाठी फ्रीझर पेपर वापरतात. त्याच्या एका बाजूला पॉलिथिनचा पातळ थर असतो, इस्त्री फिरवली की तो कापडाला चिकटतो आणि छापून झाल्यावर सोलून काढता येतो. आपल्याकडे तो सहसा मिळत नाही, पण ए-फोर आकाराची स्टिकरची शीट सगळीकडे मिळते. तिच्यावर मांजरपाट चिकटवला, कडा कात्रीनं स्वच्छ कापल्या. एक जरी दोरा लोंबत राहिला तर तो रोलरला गुंडाळतो आणि मग मशीन उघडून बसावं लागतं. भाऊ शेजारी उभा राहून सांगत होता, "जाम झाला तर तू भरायचास." जाम झाला नाही. कापड बाहेर आलं आणि त्यावर आबा, बैल, बैलाच्या शिंगांचा रंग, सगळं झक्कास. मी भावाला टाळी दिली. इथून तिथपर्यंत लेखकाचं सगळं बरोबर होतं.

घरी येऊन आज्जीच्या हातात कापड ठेवलं. तिनं पदरानं हात पुसले, मग ते घेतलं. बराच वेळ बघितलं. काही बोलली नाही. नंतर उठली आणि तिच्या नेहमीच्या सवयीप्रमाणे ते बादलीत बुडवलं, कारण नवं कापड भिजवून आटवल्याशिवाय ती वाकळेत घालत नाही, नाहीतर पुढं पहिल्या धुण्यात ते आखडतं आणि सगळी वाकळ ओढली जाते. मी शेजारी उभा होतो. तिला थांबवावं हे मला सुचलंच नाही. बादलीतलं पाणी आधी गुलाबी झालं, मग जांभळं झालं, आणि आबांचा चेहरा आमच्या दोघांच्या देखत कापडावरून उतरून पाण्यात गेला.

आज्जी एवढंच म्हणाली, "व्हतं ते बी गेलं."

ते पाणी तिनं मोरीत ओतू दिलं नाही. परड्यातल्या शेवग्याच्या बुडात नेऊन ओतलं.

हा माझा पहिला प्रॅक्टिकल. याचे मार्क कुठल्या जर्नलमध्ये मिळत नाहीत. आता कारण सांगतो, कारण होस्टेलमधल्या निम्म्या लोकांना वाटतं की प्रिंटरची शाई म्हणजे शाई. शाई दोन प्रकारची असते. डाय म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. फोटो पेपरवर एक खास थर असतो, तो या रंगाला धरून ठेवतो. सुती कापडावर असला थर नसतो, त्यामुळे पाणी लागलं की रंग चालला. पिगमेंट म्हणजे न विरघळणारे बारीक कण. ते धाग्यात अडकून राहतात, वरून इस्त्री फिरवली तर आणखी टिकतात. बऱ्याच टाकीवाल्या प्रिंटरमध्ये काळी शाई तेवढी पिगमेंटची असते आणि बाकीचे तीन रंग डायचे. आणि माझा शहाणपणा बघा: क्वालिटी चांगली यावी म्हणून मी सेटिंगमध्ये 'फोटो पेपर' निवडलं होतं. त्या सेटिंगला असली मशीन पिगमेंटची काळी शाई वापरतच नाहीत, तिन्ही रंग मिसळून काळा तयार करतात. म्हणजे साधा कागद निवडला असता तर निदान आबांच्या मिशा तरी राहिल्या असत्या!

त्या रात्री आज्जी अंगणात बसून मला समजावत होती. खरं तर मी तिला समजवायला हवं होतं. म्हणाली, "बरं झालं म्हणायचं लेकरा. वाकळंवर त्येंचं त्वांड आसतं तर निजायचं कसं? पोरं पाय देत्यात. कुत्रं येऊन बसतंय. उनाला टाकली की कोंबड्या चढत्यात. त्येंच्यावर कोंबडी चढलेली बघायची व्हय मी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतक्या दिवसांत मी रिझोल्युशनचा विचार केला, मार्जिनचा केला, कापडाच्या जाडीचा केला. पण छापलेल्या माणसावर पुढे कोण पाय ठेवणार, हा विचार मला शिवला नव्हता.

हाच प्रश्न आपल्या होस्टेललाही विचारायला हवा. दरवर्षी प्रत्येक डिपार्टमेंटचा टी-शर्ट. गॅदरिंगचा वेगळा, टेक-फेस्टचा वेगळा, ट्रिपचा वेगळा, आणि फायनल इयरच्या सेंड-ऑफचा तर फोटोवाला. २०२४ च्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमसमोर एक पोछा पडलेला असायचा. एकदा उलटून बघितला, तर आमच्याच सिनियर्सच्या बॅचचा ग्रुप फोटो! साठ-पासष्ट चेहरे, खाली 'मेमरीज फॉरएव्हर'. फॉरएव्हर म्हणजे सेंड-ऑफनंतर साधारण चार महिने. टी-शर्ट दुकानातून छापून आला होता. त्यातल्या फिल्मला भेगा पडल्या होत्या, एकावर इस्त्री फिरवली तर अर्धी बॅच इस्त्रीला चिकटून आली होती. वाईट वाटण्यासारखं यात काय आहे, असं माझा रूममेट म्हणतो. टी-शर्ट जुना झाला की त्याचा पोछाच होणार. बरोबर आहे. पण मग त्यावर माणसं छापू नयेत, एवढंच माझं म्हणणं.

दुकानवाल्यांशी माझं भांडण नाही. खेळाच्या टीमची जर्सी दुकानातूनच छापून घ्यावी. तिथं सब्लिमेशन होतं, म्हणजे साधारण १८० ते २०० अंशांवर रंगाची वाफ होऊन ती पॉलिएस्टरच्या धाग्याच्या आत शिरते. ती धुऊन जात नाही, सोलून निघत नाही. पण हे फक्त पॉलिएस्टरवर. सुती कापडाचा धागा हा रंग धरत नाही. दर वर्षी कोणीतरी उत्साही प्रतिनिधी "कॉटनच हवं, घाम येतो" म्हणतो, दुकानदार "होईल" म्हणतो, आणि कॉटनवर जे होतं ते वरून चिकटवलेली फिल्म असते. दोघंही खोटं बोलत नसतात. एकाला कापड माहीत नसतं आणि दुसऱ्याला ऑर्डर हवी असते. हा फरक चार वर्षं इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पोरांना कळू नये, याची मला जास्त गंमत वाटते.

कारण यातलं बरंचसं आपण आधीच करत असतो. ईएन्टीसीच्या पोरांना विचारा. माझा रूममेट ईएन्टीसीचा. मिनी प्रोजेक्टच्या आदल्या रात्री हे लोक काय करतात? सर्किटची आकृती गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंटरनं उलटी छापून आणतात, तांब्याच्या बोर्डावर पालथी ठेवतात आणि वरून इस्त्री दाबतात. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची रंगीत पूड. ती उष्णतेनं मऊ होते आणि तांब्याला चिकटते. मग बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये बुडवायचा. (बाथरूमच्या टाइल्सवरचे ते पिवळे डाग आठवा. ते याचेच.) सेकंड इयरला असताना मी त्याच्याच इस्त्रीनं तेच सुती कापडावर केलं. चित्र उठलं! रेषांचं चित्र, अक्षरं, झाडाची आकृती, हे झकास येतं. आरशात दिसतं तसं उलटं करून छापायचं, हे मात्र विसरू नका. मी पहिल्यांदा विसरलो आणि बहिणीचं नाव मागून वाचावं लागलं. चेहरे मात्र नीट येत नाहीत, सावलीच्या जागी टोनर जाड बसतो आणि कापड खरखरीत होतं. काही लोक इस्त्रीऐवजी थिनर किंवा नेलपॉलिश काढायचं पाणी चोळून टोनर उतरवतात. तेही जमतं. पण बंद खोलीत, दोन मच्छर अगरबत्त्या पेटलेल्या असताना थिनरची बाटली उघडणं म्हणजे रेक्टर सरांना खरोखरचं कारण देणं आहे. ते करू नका.

आणि एक. स्टिकरवर चिकटवलेलं कापड लेझर प्रिंटरमध्ये चुकूनही घालू नका. आत टोनर वितळवणारा गरम रोलर असतो. स्टिकरचा गोंद आत वितळला तर झेरॉक्सवाले काका आयुष्यभर नोट्स देणार नाहीत.

तर चेहरा राहिला होताच. तो सुटला आमच्या फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री लॅबमुळे. लोखंडाचं प्रमाण काढायचं टायट्रेशन आठवतंय? बाहेरचा इंडिकेटर असतो. पांढऱ्या टाइलवर थेंब मांडून ठेवायचे, त्यात काडी बुडवायची, आणि जोवर थेंब निळा होतोय तोवर ब्युरेट चालू ठेवायची. त्या टाइलवरचा इंडिकेटर म्हणजे हेच बदनाम पोटॅशियम फेरीसायनाइड. द्रावणात फेरस लोह असलं की दोघं मिळून गडद निळा रंग तयार होतो, प्रशियन ब्लू. आपण सगळ्यांनी तो बघितलाय, रीडिंग शेजाऱ्याकडून घेतलं असलं तरी.

१८४२ साली इंग्लंडमध्ये जॉन हर्शेल या शास्त्रज्ञानं या निळ्या रंगाला उन्हाची जोड दिली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड यांचं मिश्रण कागदाला लावून अंधारात वाळवायचं. ऊन पडलं की त्यातल्या अतिनील किरणांनी फेरिकचं फेरस होतं, आणि तेवढ्याच जागी निळा रंग बसतो. जिथं सावली असेल तिथलं मिश्रण पाण्यात धुऊन जातं. दुसऱ्याच वर्षी, १८४३ मध्ये, ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्रातल्या शेवाळाचे नमुने असल्या कागदावर ठेवून उन्हात छापायला सुरुवात केली. फोटो असलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून त्यांचंच नाव घेतात. आणि पुढं इंजिनिअरांनी हीच पद्धत उचलली. पारदर्शक कागदावरचं ड्रॉइंग वर, खाली हा कागद, ऊन किंवा दिवा, आणि निळ्यावर पांढऱ्या रेषा. ब्लूप्रिंट! 'सरकारनं विकासाची ब्लूप्रिंट तयार केली' असं पेपरात वाचतो ना, तो निळा हा. नंतर अमोनिया प्रिंट आली आणि रंग उलटे झाले. वर्कशॉपमधल्या जुन्या मंडळींच्या नाकात तो अमोनियाचा वास अजून असेल. थोडक्यात, कापडावर फोटो छापण्याची सगळ्यात टिकाऊ घरगुती पद्धत मला माझ्याच धंद्याच्या माळ्यावर सापडली, आणि ड्रॉइंगच्या तासाला चार मिनीड्राफ्टर मोडूनही ती कोणी मला सांगितली नव्हती.

मे २०२४ मध्ये पुन्हा गावी. आम्ही चौघांनी वर्गणी काढून रसायनं घेतली होती. प्रमाण सोपं आहे. सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, फेरीसायनाइड १० ग्रॅम वेगळ्या १०० मिली पाण्यात, वापरायच्या वेळी समसमान मिसळायचं. मांजरपाट गरम पाण्यात उकळून त्याची खळ पूर्ण काढायची, नाहीतर द्रावण आत मुरत नाही. स्पंजनं लावायचं, काळोख्या खोलीत वाळवायचं. आमच्या कोठीच्या खोलीत दाण्याच्या पोत्यांवर वाळवलं. आबांच्या फोटोची निगेटिव्ह मी ओएचपीच्या पारदर्शक शीटवर छापून आणली होती. (ही शीट स्टाफरूमच्या कपाटांत अजून गठ्ठ्यांनी पडलेली असते, विचारून बघा.) कापड, त्यावर निगेटिव्ह, त्यावर देवघरातल्या जुन्या फ्रेमची काच, आणि अंगणात पंधरा मिनिटं. मे महिन्याचं ऊन! कापड पिवळट हिरव्याचं करडं झालं. मग मी ते बादलीजवळ आणलं.

आज्जी लांब ओट्यावर जाऊन बसली. बघायला आली नाही.

पाणी पिवळं झालं. मी ओतलं, पुन्हा भरलं, पुन्हा पिवळं. तिसऱ्या पाण्याला पिवळेपणा संपला आणि बादलीच्या तळाशी आबा वर बघत होते. निळे. बैलही निळा. मी हाक मारली, "आज्जे, ये गं. न्हाई जात आता." ती आली, तिनं पाण्यात हात घातला, अंगठ्यानं आबांच्या पटक्यावर जोरात घासलं. पुन्हा घासलं. नंतर बोट बघितलं, बोटाला काही लागलं नव्हतं.

वाकळेचा प्रश्न पुन्हा निघालाच. तिचं म्हणणं बदललं नव्हतं. मग ती म्हणाली, "मला दे ते. चंचीला लावते." चंची म्हणजे पान-सुपारीची कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी, कमरेला खोचायची. तिनं चंचीच्या आतल्या पदराला आबा शिवून टाकले. "कमरंला राहतील. पायात न्हाई येणार." आणि वाकळेसाठी तिनं मला शेवग्याची पानं आणायला लावली, तीच, परड्यातल्या झाडाची. शेवग्याचं पान या कामाला फार छान. बारीक बारीक पानांची जाळी पांढरी उमटते आणि भोवती निळं. कढीपत्ता, चिंच, बांधावरचा कडुनिंब, असे सोळा तुकडे आम्ही दोन दिवसांत छापले. यात प्रिंटर नको, निगेटिव्ह नको. पानांवर पाय पडला तरी कोणाचं काही म्हणणं नाही.

हेच मला पटलं. काय छापायचं, कशावर, आणि ते कुठं राहणार, हे हातानं करताना आपोआप विचारलं जातं, कारण मध्ये वेळ असतो. खळ काढायची, वाळवायचं, उन्हाची वाट बघायची. काउंटरवर पेन ड्राइव्ह दिला की दहा मिनिटांत हातात पिशवी येते, तिथं आज्जीला बोलायला जागाच नसते. माझा रूममेट म्हणतो, तुझ्याकडे फावला वेळ आहे म्हणून तू हे लिहितोस. असेल. पण रात्री दोनपर्यंत मॅच बघायला त्याच्याकडेही असतो.

होस्टेलमध्ये करायचं तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. आपल्याकडे बोअरचं पाणी येतं, ते जड आणि किंचित अल्कलाइन. शेवटच्या पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व टाका, नाहीतर निळा फिका पडतो. आणि हे कापड कपड्याच्या पावडरीत भिजवू नका. पावडरीत धुण्याचा सोडा असतो आणि प्रशियन ब्लू अल्कलीपुढे टिकत नाही, गंजासारखा पिवळा पडतो. आमच्या चौघांतल्या एकानं छापलेला रुमाल होस्टेलच्या बादलीत रात्रभर भिजत ठेवला होता. सकाळी निळं काही नव्हतं. रिठ्याच्या पाण्यानं धुवा. उन्हात फार दिवस राहून फिका पडला तर कपाटात ठेवून द्या, अंधारात थोडा रंग परत येतो. हे मी स्वतः बघितलंय.

आता सायनाइड. फेरीसायनाइडमध्ये सायनाइड लोखंडाला इतकं घट्ट बांधलेलं असतं, की साध्या पाण्यात ते सहजी सुटत नाही. म्हणूनच ते फर्स्ट इयरच्या पोरांच्या हातात देतात. पण तीव्र ॲसिडमध्ये टाकलं किंवा तापवलं तर विषारी वायू निघू शकतो. हेही तितकंच खरं आहे. म्हणजे बाथरूम साफ करायच्या ॲसिडच्या बाटलीशेजारी ती बाटली ठेवायची नाही. माझ्या कॉटखाली शेजारी काय होतं हे मी इथं लिहीत नाही, पण सरांनी बाटल्या नेल्या ते चूक केलं असं मी म्हणणार नाही. खोलीत ठेवायची वस्तू नव्हतीच ती.

म्हणून मागणी अशी. बाटल्या केमिस्ट्री लॅबमध्ये राहू द्या, लॅब असिस्टंट सरांच्या कुलुपात. शनिवारी दुपारी दोन तास, ज्यांना हवं त्यांना तिथंच मिश्रण करून मिळावं. गच्चीची किल्ली त्याच दोन तासांसाठी मिळावी, वॉचमन काकांसमोर. आणि इस्त्री. सर, नियमानुसार होस्टेलमध्ये इस्त्री नाही, आणि तुम्हालाही माहीत आहे की प्रत्येक मजल्यावर किती आहेत. त्या सगळ्या कॉटखाली, एक्स्टेन्शन बोर्डाला लटकून, गादीवर चालतात. त्यापेक्षा कॉमन रूममध्ये एक पक्कं टेबल, एक इस्त्री, वेगळा एमसीबी आणि सही करायला वही ठेवली तर प्लेसमेंटचे शर्ट, ईएन्टीसीचे बोर्ड आणि माझा मांजरपाट, तिन्हींची सोय होईल. टेबल मेकॅनिकलची पोरं वर्कशॉपमध्ये बनवतील. ड्रॉइंग मी देतो. हवं तर ब्लूप्रिंटवर.

दिवाळीला, २०२४ च्या, गावी गेलो तेव्हा आज्जीनं चंची उघडून दाखवली. आबांच्या गालावर पिवळट तपकिरी ठिपका पडलेला. मला लगेच कळलं. चुना! पानाला चुना लावलेलं बोट तिनं तिथं टेकवलं होतं, आणि चुन्याइतकी अल्कली घरात दुसरी कुठली? मी पावडरीचं सांगितलं होतं, चुन्याचं सांगायचं राहिलं. म्हटलं, आज्जे, यावर चहाचं पाणी लावतो. चहातलं टॅनिन लोखंडाला धरतं, ठिपका काळपट होईल, चेहऱ्यात मिसळून जाईल. किंवा नवीन छापून देतो, निगेटिव्ह आहे माझ्याकडे.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "चुना लागतच व्हता त्येंच्या मिशीला. मी सांगायची, पुसा म्हणून." आणि पान लावायला लागली.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)